काळ्या मातीवर गेट ते पोर्च: कोबा, पेव्हर ब्लॉक की दोन पावसाळे नुसता मुरूम?

परभणी, अकोला, सोलापूर, यवतमाळ या पट्ट्यात घर बांधताना पायाला कुणी हयगय करत नाही. कॉलम मुरुमापर्यंत उतरवतात, माती खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खालच्या टोकाला फुगीर केलेले काँक्रीटचे खोल खांब) घेतात. गेटपासून पोर्चपर्यंतच्या रस्त्याची पाळी येते तेव्हा बजेट संपलेलं असतं आणि काम एका वाक्यात उरकतं: "सोलिंग टाकू, वर चार इंच कोबा मारू." दोन पावसाळ्यांत त्या कोब्याला मधोमध, लांबीच्या दिशेनं भेग जाते आणि गेटचा पल्ला जमिनीला घासायला लागतो.

पुढची तुलना १० फूट रुंद आणि ४० फूट लांब, म्हणजे ४०० चौरस फूट रस्ता धरून केली आहे. तुमचा रस्ता वेगळा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

आधी एक खड्डा

कोबा की ब्लॉक हे ठरवण्याआधी गेटजवळ ३ फूट लांब, ३ फूट रुंद खड्डा घ्या आणि मुरूम किती खाली लागतो ते पाहा. अडीच-तीन फुटांत लागला तर काळी माती पूर्ण काढून टाका आणि मनासारखा कोबा करा. पुढची बरीचशी चर्चा तुम्हाला लागूच होत नाही. पाच-सहा फूट खणूनही काळीच माती निघत असेल, तर ती सगळी काढणं परवडत नाही. खरा निर्णय तिथून सुरू होतो.

माती किती फुगते हेही तपासता येतं. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलीच्या एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या पात्रात रॉकेलमध्ये टाकतात, ढवळतात आणि २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमध्ये ती १० मिलीवर बसली आणि पाण्यात १८ मिलीवर, तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फारशी चिंता नाही, १०० च्या वर असेल तर जपून. कुठलीही माती-परीक्षण प्रयोगशाळा ही चाचणी करते (भारतीय मानक २७२०, भाग ४०). ती शेतीच्या माती परीक्षणातली नव्हे, बांधकामाच्या प्रयोगशाळेतली चाचणी आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

कोबा का फुटतो

काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. ५ इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम ३०० किलो. फुगणाऱ्या मातीचा दाब त्याच जागेवर कित्येक टनांचा असू शकतो. त्यामुळे "जाड कोबा टाकला की माती दाबून धरेल" हा हिशेब मुळातच चुकतो.

त्यातही सगळी माती एकदम हलत नाही. कोब्याच्या मधल्या भागाखालची ओल झाकली गेल्यानं टिकून राहते, कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. पावसाळ्यात कडा उचलल्या की मधला भाग आधाराविना राहतो आणि लांबीची भेग पडते. उन्हाळ्यात कडेखाली पोकळी होते. त्यावरून गाडीचं चाक गेलं की कोपरा तुटतो. म्हणून भेग कुठे आहे ते पाहिलं की ती कुठल्या ऋतूत पडली हे बरेचदा सांगता येतं.

पोकळ सोलिंग इथे उलटं काम करतं. मोठ्या दगडांच्या फटींत पाणी साठतं आणि खालची माती ते महिनाभर पीत बसते. काळ्या मातीला लागून हवा तो किंचित चिकट, पण न फुगणारा मुरूम. आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी यावरच काम केलं. न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा रोखतो, हे तत्त्व पुढे कालव्यांच्या कामात वापरलं गेलं. घरच्या रस्त्याला मीटरभर मुरूम कुणी टाकत नाही. एक फूट टाकला तर हालचाल थांबत नाही, पण कमी होते आणि सगळीकडे सारखी होते. आपल्याला तेवढंही पुरतं.

पोट दोन्हींचं एकच

वर कोबा असो की ब्लॉक, खालचं काम तेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जास्त घेऊन १३ फूट रुंदीत साधारण २० इंच खणा. जागेवर मोजली तर ही माती पावणेनऊ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते, ट्रॉलीत भरली की फुगून ११ च्या आसपास जाते. खणलेला तळ उन्हात उघडा टाकू नका. तो वाळला, भेगाळला आणि तसाच झाकला गेला, तर पहिल्या पावसात जास्तच उचलेल.

त्यावर मुरूम सहा-सहा इंचांच्या दोन थरांत. सैल मुरूम सुमारे ७ ब्रास लागतो. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून छोटा व्हायब्रेटरी रोलर फिरवा. जेसीबीच्या बकेटनं थोपटणं म्हणजे दबाई नव्हे. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये, इतपत पाणी. वर ६ इंच खडी आणि बारीक मालाचं घट्ट मिश्रण, सुमारे ३ ब्रास.

माती फार खोल आणि फार फुगणारी असेल, तर मुरुमाआधी तळाच्या ६ इंचांत चुना मिसळा. कोरड्या मातीच्या वजनाच्या ४ टक्के विरवलेला चुना म्हणजे आपल्या १३ बाय ४० फुटांना साधारण ४३० किलो, २५ किलोच्या १७ गोण्या. ढेकळं फोडायला शेतातला रोटाव्हेटर उत्तम चालतो. एकदा फिरवून पाणी मारा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवून दाबा. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून गॉगल, मास्क आणि गमबूट हवेतच. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आधी मातीतलं सल्फेट तपासून घ्या. ते जास्त असेल तर चुन्याशी संयोग होऊन माती उलट जास्तच फुगते.

काम दिवाळीनंतर, मातीत मध्यम ओल असताना काढा. मे महिन्यात माती सर्वांत आक्रसलेली असते. तेव्हा टाकलेल्या कोब्याला जुलैत वर जाण्याशिवाय दुसरी वाट नसते.

कोबा

फायदा उघड आहे: पाणी वरून खाली झिरपत नाही, झाडणं-धुणं सोपं, उतारावर घसरत नाही. जाडी ५ इंच, काँक्रीट किमान एम२० (एमपुढचा आकडा जितका मोठा, तितकी ताकद जास्त). एकूण ४.७ घनमीटर लागतं. साइटवर कालवलं तर सिमेंटची सुमारे ३८ पोती, पाऊण ब्रास वाळू किंवा क्रश सँड, दीड ब्रास खडी. एका पोत्याला ३० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. माल सरकायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये तिसरी बादली ओतली जाते आणि कोब्याची अर्धी ताकद तिथेच वाहून जाते. बोअरचं पाणी खारट असेल तर वापरू नका. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं.

४० फुटांचा सलग कोबा कधीही टाकू नये. १० बाय १० चे चार चौकोन पाडा. आधी पहिला आणि तिसरा भरा, मग दुसरा आणि चौथा. दोन चौकोनांच्या सांध्यात १६ मिमीचे साधे गोल गज, दीड फूट लांब, फुटाफुटावर ठेवा आणि अर्ध्या लांबीला ग्रीस लावा. त्यामुळे चौकोन लांबीत सरकू शकतात, पण एक वर आणि एक खाली होत नाही. इथे टीएमटी (कंगोऱ्यांची सळई) चालत नाही, त्याच्या रिब्स म्हणजे कंगोरे काँक्रीटला पकडून बसतात.

चौकोनाच्या आत ८ मिमीची जाळी, ८ इंचांवर, दोन्ही दिशांनी: सुमारे १६० किलो. सळईनं भेग टळत नाही, पडलेली भेग आवळलेली राहते. त्यासाठी जाळी वरच्या पृष्ठभागापासून २ इंचांवर हवी. प्रत्यक्षात ती तळाला लोळत असते, कारण घमेलं घेऊन माणसं तिच्यावरूनच चालतात. जाळीखाली घोड्या (सळईचे आधार) लावा, चालायला फळ्या टाका आणि माल ओतला जाताना स्वतः उभे राहा.

जोत्याला आणि गेटच्या खांबांना कोबा चिकटवू नका. घर हलत नाही, रस्ता हलतो. मध्ये अर्धा इंच थर्माकोल ठेवून वर सीलंट भरा. गेट आत उघडत असेल तर पल्ल्याखाली २ इंच मोकळे सोडा. १४ दिवस आळी करून पाणी धरा. त्यानंतर कार, टँकर २८ दिवसांनी.

कोब्याचा तोटा एकच, पण मोठा. तो बिघडला की चौकोनच फोडावा लागतो आणि नवा तुकडा रंगानं कायम वेगळा दिसतो.

पेव्हर ब्लॉक

ब्लॉकचं उलटं आहे. तो थोडा-थोडा बिघडतो आणि थोडा-थोडा दुरुस्त होतो. उचललेला भाग काढायचा, वाळू सारखी करायची, तेच ब्लॉक परत बसवायचे. खालून पाइपलाइन न्यायची वेळ आली तरी तोडफोड नाही.

कारपुरता ६० मिमी, एम३५ ब्लॉक पुरतो. मांडणी हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यांसारखी विण. सरळ ओळींचे ब्लॉक ब्रेक लागतात त्या जागी सरकतात. खाली ३० मिमी जाडसर वाळू, अर्धा ब्रास. क्रशरची भुकटी इथे टाकू नका. ती पाणी धरून ठेवते आणि चाकाखाली लगदा होते. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये रोवलेले कर्ब (कडेचे ठोकळे), ८० फूट. कर्ब नसतील तर कडेचे ब्लॉक वर्षभरात फाकतात आणि मग सगळी विण उसवते.

काळ्या मातीवर ब्लॉकची खरी अडचण ही की फटींतून पाणी खाली जातं. म्हणून आडवा उतार कोब्याला ६० ला १ (१० फुटांत २ इंच) चालतो, तसा इथे ४० ला १ (१० फुटांत ३ इंच) द्या आणि वाळूखाली जिओटेक्स्टाइल (वाळू अडवणारं जाड कापड) अंथरा. काहीजण ब्लॉकखाली चार इंच पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) टाकतात. मग पैसे दोन्हींचे लागतात आणि दुरुस्तीची सोय मात्र जाते. आमच्या मते तो खर्च मुरुमात घालावा. मुरूम वाचवून वर रंगीत ब्लॉक म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा.

| | कोबा | पेव्हर ब्लॉक |
|---|---|---|
| वरचा माल (४०० चौ. फूट) | ४.७ घनमीटर काँक्रीट, १६० किलो जाळी | ४२० चौ. फूट ब्लॉक, ८० फूट कर्ब |
| वापरायला कधी | कार १४ दिवसांनी | कॉम्पॅक्टर फिरवून फटी भरल्या की |
| माती उचलली तर | भेग, पायरी | उंचवटा |
| दुरुस्ती | चौकोन फोडून नवा | तेच ब्लॉक पुन्हा बसवून |
| तीव्र उतार | चांगला | सरकतो |
| १०,००० लिटरचा टँकर | ६ इंच, एम३० | ८० मिमी, एम४० |

शेवटची ओळ नजरेआड करू नका. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आत येत असेल तर नुसतं पाणीच १० टन असतं. एका कारसाठी केलेला रस्ता दोन उन्हाळ्यांत संपतो.

नुसता मुरूम

घर नवं असेल, अंगण अजून भरायचं असेल, ड्रेनेज-पाण्याच्या लाइनी पक्क्या झाल्या नसतील, तर मुरूम आणि खडीचं पोट करून दोन पावसाळे त्यावरच गाडी चालवा. चिखल उडेल, चाकोरी पडेल, दरवर्षी अर्धा ब्रास मुरूम पसरावा लागेल. पण पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते स्वच्छ दिसतं, आणि हे पोट वाया जात नाही. दोन चाकांपुरत्या दोन काँक्रीट पट्ट्यांचा पर्याय खोल काळ्या मातीवर नको. प्रत्येक पट्टी आपापल्या मर्जीनं कलते.

कुणी काय घ्यावं

मुरूम तीन फुटांच्या आत, किंवा रस्त्याला बराच उतार: कोबा. माती खोल आणि फुगवटा १०० च्या पुढे: ब्लॉक. फुगवटा ५० ते १०० च्या मध्ये असेल तर दोन्ही चालतात. तिथे निर्णय पाण्यावर ठरतो. गच्चीचे पाइप रस्त्याच्या कडेला सुटतात का? कडेला रोज पाणी घातली जाणारी बाग आहे का? शोषखड्डा १५ फुटांच्या आत आहे का? हे पाणी दुसरीकडे वळवता येत नसेल तर ब्लॉक घ्या. वळवता येत असेल तर आधी ते वळवा, मग कोबा टाका. रस्त्याखालून जाणारी पाण्याची लाइन ४ इंची पीव्हीसी पाइपच्या आतून न्या. ती गळली तर वरचं कुठलंच काम टिकत नाही.

ठेकेदाराला दर विचारताना मुरूम ट्रॉलीवर न मोजता दाबलेल्या जाडीवर मोजायचा, हे आधीच लिहून घ्या. काम झाल्यावर दरवर्षी मृगाआधी कोब्याच्या सांध्यांतलं उखडलेलं सीलंट काढून नवं भरा. ब्लॉक असतील तर फटींत कोरडी बारीक वाळू झाडूनं ढकला आणि कडेच्या मातीत पडलेल्या भेगा मुरुमानं बुजवा. पहिला पाऊस सर्वांत आधी त्या भेगांतूनच खाली उतरतो.