नाक मोकळं करणारा स्प्रे (झायलोमेटाझोलिन): आठ महिने वापर आणि सोडल्यानंतरचे चार महिने

गेल्या गणपतीत सर्दीने नाक ठप्प झालं, म्हणून मेडिकलमधून हा १० मिलीचा स्प्रे आणला. मोठ्यांसाठीचा, ०.१ टक्क्याचा. औषध काम करतं, यात शंकाच नाही. दोन मिनिटांत नाक मोकळं झालं आणि त्या रात्री मी छान झोपले.

सर्दी आठवड्यात गेली, पण नाक बंदच राहिलं. सुरुवातीला एका फवाऱ्यावर आठ-दहा तास निघायचे. दिवाळीपर्यंत ते चार तासांवर आलं आणि संक्रांतीला जेमतेम दोनवर. एक बाटली पर्समध्ये, एक ऑफिसच्या खणात, एक उशीखाली. रात्री कानाशी हलवून बघायची, किती उरलंय ते. एकदा कोल्हापूरला जाताना बाटली घरी राहिली, तर साताऱ्याला एसटी थांबल्या थांबल्या आधी मेडिकल शोधलं. प्रवासभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडाठाक पडला होता.

मला वाटायचं, आपल्याला धुळीची ॲलर्जी आहे. मे महिन्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्प्रे किती दिवस मारताय?" मग समजावून सांगितलं. हे औषध नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, म्हणून सूज उतरते. रोज मारत राहिलं की त्या वाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात आणि असर ओसरला की आणखी फुगतात. म्हणजे आता माझं नाक सर्दीने नाही, स्प्रेनेच बंद होत होतं. ऑक्सिमेटाझोलिनच्या स्प्रेचंही तेच, त्यामुळे ब्रँड बदलून उपयोग नाही. तीन ते पाच दिवस, त्यापुढे नको, असं त्यांनी बजावलं. काउंटरवर बाटली घेताना हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, याचा अजून राग येतो.

सोडायची रीत सांगते, कारण मला तीच हवी होती आणि मिळत नव्हती. आधी फक्त डावी नाकपुडी सोडायची, उजवीत गरजेपुरता स्प्रे चालू. सोबत डॉक्टरांनी फ्लुटिकासोनचा स्टिरॉइड स्प्रे लिहून दिला. तो लगेच नाक उघडत नाही, असर दिसायला दिवस जातात, तेवढा धीर धरावा लागतो. तो उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने मारायचा. शिवाय उकळून गार केलेल्या पाण्याने, सलाइनची पुडी घालून, सकाळ-संध्याकाळ नाक धुणं.

पहिल्या तीन रात्री फार वाईट गेल्या. दोन उशा घेऊन बसल्या बसल्याच डोळा लागायचा. सासूबाईंनी तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी करून दिली. सूज उतरली की नाही माहीत नाही, पण जिवाला बरं वाटायचं. सहाव्या दिवशी पहाटे जाग आली, तर डाव्या नाकपुडीतून गार हवा आत जात होती. कितीतरी वेळ मी नुसती श्वास घेत पडून राहिले. मग उजवी सोडली. तिला दोन आठवडे लागले.

ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी हा स्प्रे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नये. आणि मोठ्यांची बाटली लहान मुलांच्या नाकात कधीही मारू नका.

या पावसाळ्यात पुन्हा सर्दी झाली. सलाइन, वाफ आणि ओवा यांवर पाच दिवसांत गेली, आणि नाकही तिच्याबरोबरच उघडलं.