एमजीबीच्या स्टीअरिंग शाफ्टचे आटे गेले: डाय नट की आट्यांची कानस?

हातोडा मी स्वतःच मारला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. 1971 ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. स्टीअरिंगच्या चाकाचं कातडं उसवलेलं, म्हणून चाक बदलायला घेतलं. नट पूर्ण काढून डॅशवर ठेवला, बायकोला सीटवर बसवून चाक स्वतःकडे ओढायला सांगितलं आणि शाफ्टच्या टोकावर तांब्याच्या हातोड्याने ठोकायला लागलो. चाक हलेना. चौथ्या ठोक्याला मी लोखंडी हातोडा घेतला. चाक सुटलं, थेट तिच्या मांडीत आलं. ती म्हणाली, "निघालं ना? मग तोंड का पडलंय तुझं?" तोंड शाफ्टचं पडलं होतं. मार खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं जसं पसरतं तसं ते पसरलं होतं आणि पुढचे दोन-अडीच आटे आडवे झाले होते.

नट दोन-तीन फेरे सैल करून तिथेच ठेवायचा असतो, म्हणजे आटेही वाचतात आणि सुटलेलं चाक दातांवर येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होतं. जे व्हायचं ते होऊन गेल्यावर पुढे काय करायचं, तेवढंच इथे लिहितो.

मी राहतो इंग्लंडमधल्या डिडकॉटला. ही गाडी जिथे बनली ते ॲबिंग्डन इथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. कारखाना 1980 च्या ऑक्टोबरात बंद झाला, पण एमजीबी 5 लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे आजही सुट्या भागांची ददात नाही. म्हणूनच सगळे पहिला सल्ला देतात तो शाफ्टसकट अख्खा स्टीअरिंग कॉलमच बदलण्याचा. सल्ला वाईट नाही. पण स्टीअरिंग लॉकचे डोकं तोडून बसवलेले बोल्ट ड्रिल करून काढा, मग किल्ली वेगळी होणार ती सांभाळा, खाली युनिव्हर्सल जॉइंटपाशी (दोन दांडे जोडणारा हलता सांधा) कॉलम आणि पिनियन (पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा) यांची रेघ जुळवा, ती चुकली तर जॉइंट झिजणार. एवढं सगळं पुढच्या अडीच आट्यांसाठी? आणि जुन्या कॉलमच्या फोटोत टोकावर नट लावलेला असतो. नटाखाली कुणाचा हातोडा लपलाय ते फोटोत दिसत नाही.

वेल्डिंगने भरून नवे आटे पाडायचा मार्गही ऐकला. माझ्या मामाचं वर्कशॉप होतं. तो लेथवर असले शाफ्ट भरून द्यायचा, पण ते पंपांचे. स्टीअरिंगच्या शाफ्टला आच द्यायची माझी तयारी नाही. कॉलम कोलॅप्सिबल (टक्कर झाली तर आत दबणारा) असेल तर विचारही नको. तसल्या कॉलमवर हातोडा मारलेला असेल, तर आट्यांच्या आधी तो आत दबलाय का ते तपासा. दबला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, कॉलम बदला.

आता खरा प्रश्न. शाफ्ट जागेवरच ठेवून आटे दुरुस्त करायचे, तर डाय नट (शाफ्टवर फिरवत नेला की आटे कापून साफ करणारा कडक नट) की आट्यांची कानस (आट्यांच्या मापाचे दात असलेली कानस)?

त्याआधी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. ब्रिटिश गाडी म्हणून डोळे झाकून काही धरून चालू नका. एमजीच्या टी मालिकेतल्या गाड्यांच्या इंजिनाला आटे मेट्रिक आणि बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थच्या (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्याची, असली गंमत याच कंपनीने केलेली आहे. एमजीबीच्या काळापर्यंत बहुतेक सगळं यूएनएफवर (बारीक आट्यांचं नवं इंची माप) आलं होतं, तरी नटाचं माप वर्षागणिक सारखं नाही. 9/16 इंचाच्या यूएनएफला इंचाला 18 आटे असतात, त्याच जाडीच्या बीएसएफला (जुनं ब्रिटिश बारीक आट्यांचं माप) 16, आणि आट्याचा कोनही 60 ऐवजी 55 अंश. पिच गेज (पिच मोजायची दातेरी पाती) शाफ्टच्या मुळाशी, स्प्लाइनजवळच्या (स्प्लाइन म्हणजे चाक ज्यांत अडकतं त्या शाफ्टवरच्या उभ्या खाचा) न दुखावलेल्या आट्यांत बसवून मागून टॉर्च धरा. फटीतून उजेड आला नाही की माप बरोबर. माझी पहिली कानस पुण्याहून, बोहरी आळीतून आणलेली, मेट्रिक. तिची 1.5 मिलिमीटरची बाजू तीन आट्यांपर्यंत छान बसल्यासारखी वाटली, कारण इंचाला 18 म्हणजे 1.41 मिलिमीटर. पाचव्या आट्यापाशी फरक डोळ्यांना दिसला. घाईत असतो तर कळलंही नसतं.

दुसरं, नटाला धरायला किती आटे उरलेत ते मोजा. चाक फिरवायचं काम स्प्लाइनचं, नट फक्त चाक वर येऊ देत नाही. तरीही नटाच्या उंचीच्या निदान दोन-तृतीयांश भागात चांगले आटे नसतील, तर मी कॉलमच बदलीन. हा माझा ठोकताळा, कुठल्या मॅन्युअलमधला नाही.

डाय नट मला गल्लीतल्या एका मित्राने दिला. त्याच्याकडे दोन जुन्या गाड्या आहेत आणि त्याच्या मते यात चर्चा करण्यासारखं काही नाहीच: तेल लाव, डाय नट लाव, पान्याने फिरव, दहा मिनिटांत मोकळा. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. डाय नट षटकोनी असतो, साधा पाना चालतो, डॅशच्या अडचणीत लांब हँडल फिरवावं लागत नाही. आट्याच्या चारी बाजू सारख्या साफ होतात. हात कसलेला नसला तरी चालतं. कानस फिरवायला मात्र हात लागतो, हे मान्य करायलाच हवं.

माझं बिनसलं ते सुरुवातीला. डाय नट लावायचा शाफ्टच्या टोकाकडूनच, आणि माझ्या शाफ्टचं सगळ्यात बिघडलेलं ठिकाण तेच. जिथला आटा खोटा, तिथूनच त्याला वाट विचारायची. पसरलेलं तोंड मी आधी कानशीने थोडं उतरवलं होतं. डाय नट टेकवला, हाताने पाव फेरा दिला, काहीतरी पकडलं असं वाटलं. पाना लावून अर्धा फेरा. किंचित जड गेला, पण दुखावलेले आटे जड जाणारच की. आणखी अर्धा. मग बाजूने पाहिलं तर नटाची वरची कड इंडिकेटरच्या दांडीकडे झुकलेली. उलटा फिरवून काढला आणि टॉर्च मारला. जुन्या आट्याच्या माथ्यावरून एक तिरकी, चकचकीत रेघ गेलेली होती, नव्या रुपयासारखी. अडीच आटे बिघडले होते, आता साडेतीन झाले. आत तेलात बुडालेला लोखंडाचा बारीक कीस.

मित्र म्हणाला, "सरळ धरला नाहीस." बरोबर आहे. पण गाडीत, चाकाच्या पोकळीत, कोपर दाराला टेकवून तो सरळ धरायचा कसा? ज्या आट्याने त्याला सरळ धरायचं, तोच वाकडा. हत्यार चांगलं होतं, फक्त ते सुरू कुठून होतं याने माझा खेळ बिघडला. ही एकच खोड नसती, तर मी हा लेख लिहिलाच नसता.

आट्यांची कानस म्हणजे चौकोनी पट्टी, चार बाजू, दोन टोकं, मिळून आठ पिच. इंची मापाची इथे वीसेक पौंडांच्या आत मिळाली. तिचा सगळा फायदा एकाच गोष्टीत आहे: ती कुठूनही सुरू करता येते. मी ती मुळाशी, चांगल्या तीन आट्यांत बसवली आणि तिथून हळूहळू बाहेर आलो. निम्मे दात चांगल्या आट्यांत, निम्मे बिघडलेल्यांत. चांगले आटे बिघडलेल्यांना रांगेत आणतात. कानस पुढे ढकलतानाच कापते, परत आणताना उचलायची. शाफ्टभोवती फिरताना एकाच जागी घासलं तर सपाटी पडते, म्हणून दर चार-पाच फटक्यांनी थोडं सरकायचं. पुढची चाकं जॅकवर उचलून ठेवली तर शाफ्टच फिरवता येतो आणि हात एका जागी राहतो. ही युक्ती मला दुसऱ्या संध्याकाळी सुचली.

हो, दोन संध्याकाळी गेल्या. डाय नटची दहा मिनिटं आणि माझे अडीच तास, हा फरक लपवण्यात अर्थ नाही. मान अवघडते. कानशीने आट्याची कड थोडी खडबडीत राहते, आणि खोलीवर लक्ष नसेल तर आटा बारीक होतो. ज्यांना असल्या कामात मजा येत नाही त्यांना ते अडीच तास शिक्षा वाटतील. मला तसं वाटलं नाही, हे माझं मत थोडं कलतं करत असेल, इतकं मान्य.

त्या खडबडीत कडेवर उतारा म्हणजे कापलेला नट. मामाच्याच वर्कशॉपमध्ये पाहिलेला. त्याच मापाचा एक साधा नट हॅक्सॉने उभा कापून दोन फाका करायच्या. त्या शाफ्टवर चांगल्या आट्यांभोवती दोन्हीकडून बसवायच्या, वरून होज क्लिप आवळायची आणि तेल लावून नट सोडवायच्या दिशेने, आतून बाहेर फिरवायचा. करवतीच्या पात्याने खाल्लेल्या मिलिमीटरमुळे फाका एकमेकींना टेकत नाहीत, म्हणून पकड घट्ट बसते. साधा नट मऊ, तो कापत नाही. फक्त वाकलेल्या आट्याला वाटेवर आणतो आणि कानशीचे ओरखडे दाबून टाकतो. म्हणून आधी कानस, मग हा. आतून बाहेर येणारं तयार हत्यारही बाजारात मिळतं, पण एका शाफ्टसाठी मला जुना नट कापणं परवडलं.

कुठलाही मार्ग घ्या, दोन गोष्टी आधी करा. पसरलेलं तोंड सपाट कानशीने तिरकं उतरवा, आट्याच्या तळापेक्षाही आत जाईपर्यंत. मी पहिल्यांदा इथेच कंजुषी केली, आणि डाय नट तिरका गेला त्यात त्या कंजुषीचाही हात असणार. आणि बॅटरी काढून, शाफ्टभोवती ग्रीस लावलेलं फडकं गुंडाळा, नाहीतर कीस इंडिकेटरच्या स्विचात जाऊन बसतो.

शाफ्ट बाहेर टेबलावर असता आणि जवळ लेथ असता, तर मी डाय नटच वापरला असता. तिथे त्याला मागून टेलस्टॉकचा (लेथच्या सरकत्या टोकाचा) सरळ आधार देता येतो आणि माझी तक्रारच उरत नाही. फक्त पहिल्या आट्याला बारीक खरचटलं असेल, तरीही डाय नट पुरेल, कदाचित तोच बरा. पण शाफ्ट गाडीत आहे आणि टोक हातोड्याने पसरलंय, म्हणजे हा प्रश्न पडणाऱ्या दहातल्या नऊ जणांची जी अवस्था असते, तीत माझा हात कानशीकडेच जाईल.

शेवटी नवा नट आणला. जुन्याच्या आतले आटेही बघितले तर ते शाफ्टइतकेच दुखावलेले होते. नवा नट चाकाशिवाय, नुसत्या दोन बोटांनी, स्प्लाइनपर्यंत गेला. चौथ्या आट्यापाशी किंचित अडखळतो, अजूनही. ती डाय नटची तिरकी रेघ. मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळला, शंभरेक मैलांनी पुन्हा तपासला, हललेला नव्हता. 40 वर्षांवरच्या गाड्यांना इथे 2018 पासून एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही, पण मी मुद्दाम करून घेतली. तपासणाऱ्याने चाक धरून वर ओढलं, खाली दाबलं, बाजूला हलवलं आणि काही न बोलता पुढे ब्रेककडे वळला.