मास्टर स्वोर्ड रिव्ह्यू: दंतकथेतली तलवार, फक्त मधून मधून चार्जिंगला ठेवावी लागते

ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा झेल्डा मालिकेतला गेम 2017 च्या मार्चमध्ये आला, तेव्हापासून त्यातल्या मास्टर स्वोर्ड या तलवारीवरचं भांडण काही मिटलेलं नाही. एक पार्टी म्हणते हिच्याशिवाय हायरूलमध्ये (गेममधल्या राज्यात) फिरायचंच नाही, दुसरी म्हणते कसली डोंबलाची दंतकथा, पॉवर फक्त 30, त्यापेक्षा रॉयल ब्रॉडस्वोर्ड 36 ची आहे आणि ती तर पेटीत पडलेली सापडते. आकडा बघायला गेलं तर दुसरी पार्टी बरोबर आहे. पण ही तलवार आकड्यावर जोखायची वस्तूच नाही, आणि हे कळायला ती हातात घेऊन बरंच खेळावं लागतं, म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू.

आधी मिळवायची कशी. ती कोरोकांच्या (छोट्या वनदेवतांच्या) जंगलात ग्रेट डेकू ट्री या बोलणाऱ्या जुन्या झाडाच्या समोर चौथऱ्यात खुपसलेली आहे, आणि तिथं जायला लॉस्ट वूड्समधून जावं लागतं. आत शिरलं की मशाली दिसतात, एकीकडून दुसरीकडे चालत राहायचं, पण एका ठिकाणी मशाली संपतात आणि धुकं सुरू. तिथून पुढे हातातली मशाल पेटवायची आणि तिच्या ठिणग्या वाऱ्याने कुठल्या बाजूला उडतायत ते बघत बघत जायचं. वाट चुकली की धुकं गिळतं आणि तुम्ही परत सुरुवातीला. कुठे बाण नाही, मॅपवर रेघ नाही, नुसता वारा. पूर्ण गेममधल्या माझ्या सगळ्यात आवडत्या जागांपैकी ही एक आहे, तलवार नको असली तरी एकदा जाऊन या.

आता तलवार उपसायचा भाग. इथे 13 हार्ट्स, म्हणजे आयुष्याचे बदाम, लागतात. शिजवलेल्या खाण्यातून मिळणारी पिवळी हार्ट्स चालत नाहीत, खरीखुरी कमावलेली लाल 13. उपसायला लागलात की हार्ट्स एकेक करून उतरायला लागतात, आपला हिरो लिंक दातओठ खात ओढतोय, आणि कमी असतील तर वेळेत हात सोडायचा, नाहीतर तिथल्या तिथे गेम ओव्हर. हा नियम मला प्रचंड आवडतो कारण दुसऱ्या गेममध्ये असं शस्त्र एखाद्या कटसीनमध्ये कथानक म्हणतं म्हणून हातात येतं, इथे तलवार तुमची लायकी तपासते आणि ती तपासणी खरी असते. सुरुवातीला 3 हार्ट्स, चार स्पिरिट ऑर्ब्सला एक हार्ट, एका श्राइनला (कोड्याच्या छोट्या मंदिराला) एक ऑर्ब, म्हणजे नुसत्या श्राइन्सवर जायचं तर 40 श्राइन्स. चारही डिव्हाइन बीस्ट (प्रचंड यांत्रिक जनावरं) आधी सोडवले तर त्यांचं एकेक हार्ट मिळून 24 श्राइन्समध्ये काम होतं. एकूण श्राइन्स 120 आहेत, तेव्हा घाबरू नका.

ज्यांनी सगळे ऑर्ब्स हार्ट्सऐवजी स्टॅमिनावर, म्हणजे दमावर, उडवलेत (आणि डोंगर चढायची चटक लागली की सगळे तेच करतात) त्यांच्यासाठी हतेनो गावात एक शिंगंवाला पुतळा आहे. तो तुमचं स्टॅमिना किंवा हार्ट 100 रुपीला (गेममधले पैसे) विकत घेतो आणि जे हवं ते 120 ला परत विकतो. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत 20 रुपीचा चुना. पण तात्पुरती हार्ट्स वाढवून तलवार उपसायची आणि परत येऊन स्टॅमिना घ्यायचा हा प्रकार सरळ कायदेशीर आहे. काही लोक याला चीटिंग म्हणतात, मी तर म्हणेन गेमने स्वतःच दुकान मांडून दिलंय तर संकोच कसला.

बरं, हातात आली. पुढे काय? पहिले काही मिनिटं भारी वाटतं, मग बोकोब्लिन, म्हणजे साधे राक्षस, मारता मारता मेसेज येतो की तलवारीची शक्ती संपली. दहा मिनिटं थांबा. दंतकथेतली, अंधाराचा नाश करणारी तलवार, आणि दहा मिनिटं थांबा! याचा राग येणं एकदम साहजिक आहे आणि मला वाटतं 30 च्या आकड्यापेक्षा याच गोष्टीने लोकांचा मूड जातो. त्यातून ती टाकून देता येत नाही, फेकता येत नाही, संपलेली असतानाही बॅगेतली एक जागा कायमची अडवून बसते, आणि सुरुवातीला शस्त्रांना जागाच मोजून आठ. हेस्टू नावाच्या कोरोकाला कोरोक बिया देऊन जागा वाढवल्या नसतील तर हे चांगलंच टोचतं.

पण जरा विचार करा की हा कुठला गेम आहे. इथे सगळं तुटतं. चांगली तलवार मिळाली की आपण ती शोकेसमधल्या कपबशांसारखी कोण पाहुणा येईल तेव्हा काढू म्हणून जपून ठेवतो आणि रोजची मारामारी कुठल्यातरी गंजक्या काठीने करतो, मोठा शत्रू आला तरी हात मागेच, अजून याहून मोठा आला तर? ही सवय मास्टर स्वोर्डने मोडते. ती संपते पण जात नाही. आत्ता वापरली तरी दहा मिनिटांनी परत आहेच, मग वापरा की! आणि एकदा हे डोक्यात बसलं की बाकीची शस्त्रंही मोकळ्या हाताने वापरली जातात कारण मागे एक हक्काची आहे. माझ्या मते तिची खरी पॉवर ही आहे आणि ती स्टॅट्सच्या पानावर कुठेच लिहिलेली नाही.

शिवाय 30 हा आकडा तिच्या झोपेतला आहे. गार्डियन, म्हणजे लेझर मारणारा यांत्रिक राक्षस, जवळ आला की पातं निळसर उजळतं आणि पॉवर सरळ 60, टिकतेही कितीतरी जास्त. हायरूल कॅसलमध्ये, डिव्हाइन बीस्टमधल्या गॅननच्या (मुख्य खलनायकाच्या) रूपांसमोर, शेवटच्या कॅलॅमिटी गॅननसमोर, सगळीकडे तेच. नाहीतर गार्डियनसाठी अकालाच्या लॅबमध्ये गार्डियनवर खास चालणारी एन्शंट शस्त्रं बनवून घ्यायची, त्याला गार्डियनचेच सुटे भाग गोळा करा, वर रुपी मोजा, आणि इतकं करून तीही तुटतातच. मास्टर स्वोर्ड घेऊन गार्डियनच्या पायात घुसायचं आणि एकेक पाय छाटायचा, याची मजा वेगळी. आधी ज्याचा लाल ठिपका दिसला की पळत सुटायचो त्याला आता मुद्दाम शोधत फिरतो. फुल हार्ट्स असताना तिच्यातून प्रकाशाचा झोतही सोडता येतो, दिसायला झकास, पण एक ओरखडा बसला की बंद, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका.

लायनेलसमोर, म्हणजे सिंहाच्या तोंडाच्या त्या दांडग्या राक्षसासमोर, मात्र नको. तिथे ती उजळत नाही, 30 वरच राहते आणि अर्ध्या लढाईत संपते. लायनेलचीच सॅव्हेज तलवार 58 ची असते, ती वापरा.

ट्रायल ऑफ द स्वोर्ड या तलवारीच्या परीक्षेबद्दल: हे पैसे देऊन घ्यायच्या एक्स्पान्शनमध्ये येतं, जून 2017 मध्ये आलं होतं. तलवार परत त्याच चौथऱ्यात ठेवायची, मग तुमचे कपडे, शस्त्रं, खाणं सगळं काढून घेतात आणि मजल्यामागून मजले लढायला लावतात. तीन टप्पे, मध्ये सेव्ह नाही, मेलात तर तो टप्पा पहिल्यापासून. पहिला पार केला की पॉवर 40, दुसऱ्यानंतर 50, तिसऱ्यानंतर कायम 60, गार्डियन असो नसो. माझं मत विचाराल तर पहिला टप्पा सगळ्यात जड आहे कारण हातात काहीच नसतं, एक बाण वाया गेला तरी जीव हळहळतो. मास्टर मोडवर (सगळ्यात कठीण पातळीवर) तर शत्रूंची एनर्जी आपोआप भरत राहते, तिथे हे करणाऱ्यांना माझा दंडवत. आणि खरं सांगायचं तर कायम 60 झाल्यावर तलवार थोडी बोअर होते. निळं उजळणं ही खास गोष्ट होती, आता ती चोवीस तास उजळलेलीच असते.

पाचपैकी चार. एक मार्क त्या दहा मिनिटांसाठी कापला, पाच मिनिटं असती तरी चाललं असतं. गेम संपवायला ती लागतच नाही हेही सांगून ठेवतो, तिच्याशिवाय सरळ कॅसलवर जाऊन गॅननला भिडणारे लोक आहेत. पहिल्यांदाच खेळत असाल तर 24-25 श्राइन्स होऊ द्या, एखाददुसरा डिव्हाइन बीस्ट राहिला असेल तर तो उरका आणि मग जंगलाकडे वळा, फार उशिरा घेतली तर गार्डियनच्या भीतीचे दिवस संपून गेलेले असतात आणि मग ती घेतल्याचा फरकच जाणवत नाही. आणि घेतल्यावर तिने झाडं तोडू नका, दगड फोडू नका, शक्ती उगाच तिथे संपते. त्यासाठी रिमोट बॉम्ब आहेत, कितीही फोडा, फुकट आहेत.