पत्रा २ मिमी, वजन १.४ किलो: बाल्कनीतल्या ग्रिलपायी १८,९८६ रुपये गेले

लाज वाटत होती म्हणून तीन आठवडे गप्प बसलो. परवा आमच्याच बिल्डिंगच्या ग्रुपवर एकाने, मी जिला फसलो तीच जाहिरात टाकून "कोणी घेतलाय का हा सेट?" असं विचारलं, तेव्हा मात्र राहवलं नाही.

एकूण गेले १८,९८६ रुपये. त्यातले ३,९९९ ग्रिलच्या (भाजायच्या, बार्बेक्यूच्या) सेटचे. उरलेले १४,९८७ हे ते ३,९९९ परत मिळवण्याच्या नादात गेले. दुसरा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही, आता इथे वाचेल तेव्हा वाचेल.

मोशीतला आमचा फ्लॅट, बाल्कनी नऊ बाय चार. त्यात वॉशिंग मशीन आणि तुळस. एकतीस डिसेंबरला दोन्ही मेव्हणे सहकुटुंब येणार होते आणि सोसायटीने गच्चीला कुलूप लावलेलं. झाकणाचं मोठं ड्रमचं ग्रिल आमच्याकडे मावणार नाही, आणि बंदिस्त बाल्कनीत कोळसा पेटवणं म्हणजे घरात विषारी वायू कोंडून घेणं, एवढं मला कळतं. म्हणून रील्स बघताना दिसलेला तो 'बाल्कनी सेट' अगदी माझ्यासाठीच केल्यासारखा वाटला. घडीची कोळशाची शेगडी, जी गावाला हुरड्यालाही नेता येईल. गॅसवर ठेवायची बिडाची जाळीदार प्लेट. आणि टेबलावरचं इलेक्ट्रिक ग्रिल. छापील किंमत १०,४९९, आज फक्त ३,९९९. माझी निवड चुकीची नव्हती, हे मी आजही म्हणेन.

आता जे लिहितोय ते लिहिताना हात जड होतोय. मी भोसरीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये स्टोअर सांभाळतो, एकोणीस वर्षं झाली. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी गुणिले ७.८५ (लोखंडाची घनता) म्हणजे पत्र्याचं वजन, हे गणित मला झोपेतून उठवून विचारा. आणि त्या पानावर, फोटोंच्या खाली, स्वच्छ लिहिलं होतं: शेगडी ४५ बाय ३० सेंमी, उंची १५ सेंमी, पत्रा २ मिमी. त्याच्या दोन ओळी खाली: वजन, तिन्ही मिळून, १.४ किलो. अहो, तळ आणि चार बाजू धरल्या तर नुसती ती शेगडीच साडेपाच किलोच्या वर जाते! बिडाची प्लेट आणि इलेक्ट्रिक ग्रिल वेगळंच. हे दोन्ही आकडे मी वाचले. वाचून "बरं झालं, हलकं आहे, माळ्यावर टाकता येईल" असं म्हणालो. सप्लायरच्या चलनावर पाच किलोचा फरक दिसला तर गाडी गेटवर उभी ठेवणारा माणूस मी! त्या दिवशी डोकं कुठे गहाण टाकलं होतं, देव जाणे.

कॅश ऑन डिलिव्हरीचा पर्याय होता, पण दाबला की "तुमच्या पिनकोडवर ही सुविधा उपलब्ध नाही" यायचं. नंतर मुद्दाम पिनकोडच्या जागी सहा शून्यं टाकून पाहिली. तिथेही डिलिव्हरी होती, कॅश ऑन डिलिव्हरी तेवढी नव्हती. यूपीआयने पैसे भरताना दुकानाच्या नावाऐवजी कुणा बाईचं नाव आलं, तेही डोळ्याआड केलं. छोटा धंदा असेल, मालकाच्या बायकोचं खातं असेल, असं मीच त्यांच्या वतीने स्पष्टीकरण शोधलं. साईटवर तळाशी जीएसटी नंबरही होता, पंधरा अक्षरी, दिसायला व्यवस्थित. पत्ता पुण्याचा आणि नंबर ०७ ने सुरू. महाराष्ट्राचा कोड २७, ०७ दिल्लीचा. रोज पर्चेसची बिलं हाताखालून जातात माझ्या, अजून काय सांगू.

आठ दिवसांनी पार्सल आलं. डिलिव्हरीवाल्या पोराने ते दोन बोटांनी सुतळीला धरून दिलं. आत एक घडीचा चमकदार ट्रे, पापड भाजायची जाळी आणि चार सळया. इलेक्ट्रिक ग्रिलच्या नावाने नुसती वायर, पुढे काही नाही. ट्रे कंपनीत नेला तर आमचा वेल्डर हातात घेऊन म्हणाला, "साहेब, हा जीआय पत्रा आहे, जस्ताचा मुलामा दिलेला, यात निखारे टाकू नका, जस्ताचा धूर छातीत जातो." (रस्त्यावर स्वस्त शेगडी घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. बारीक खड्यांसारखी चमकदार नक्षी दिसली की हात लावू नका.)

इथे थांबलो असतो तर ३,९९९ वर सुटलो असतो. पण राग आला होता. नेटवर त्या दुकानाचं 'कस्टमर केअर' शोधलं आणि जो पहिला नंबर दिसला तो फिरवला. पलीकडचा माणूस इतका अदबीने बोलला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "सर, रिफंड मंजूर आहे. मी तुम्हाला रिफंड कोड देतो, तो ॲपमध्ये टाका." कोड होता १४९८७. टाकायचा कुठे? रकमेच्या रकान्यात. मी विचारलं हो, की ही तर रक्कम झाली! तो म्हणाला, "सर, समोर रुपयाचं चिन्ह दिसतं, पण सिस्टीम त्याला कोडच समजते." आणि मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, हे मी स्वतः आईला चार वेळा समजावलेलं आहे.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तत्काळ फोन करायला हवा होता. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. मी दोन दिवस कुढत बसलो, तेवढ्यात खातं रिकामं झालं. ही चूक माझी, कबूल.

पण पुढचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो. पहिला प्रश्न, "पिन तुम्हीच टाकला ना?" दुसरा, "रक्कम किती?" अठरा हजार ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, आधी हद्दीतल्या स्टेशनचा अर्ज आणा. तीन फेऱ्या, दोन अर्ध्या रजा. शेवटी एका हवालदाराने अर्ज टाइप करून घेतला, मी न वाचता सही केली. घरी येऊन पाहतो तर "अर्जदाराने खिडकीचे ग्रिल ऑनलाइन मागवले असता". खिडकीचे! दुरुस्तीला गेलो तर म्हणे, ग्रिल ते ग्रिलच, फसवणूक झाली हे महत्त्वाचं. पुढे बँकेने तो अर्ज पाहून विचारलं, खिडकीच्या ग्रिलचं बिल कुठंय? आणि पंधरा दिवसांनी एका ओळीचं पत्र: व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला आहे, सबब बँक जबाबदार नाही. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त खोकं पोहोचवतो, आत काय आहे ते आम्हाला माहीत नसतं. पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला तर "कंपनी पॉलिसी". म्हणजे चोराचा पत्ता गुपित, आणि माझं आधार कार्ड मात्र चार ठिकाणी झेरॉक्स होऊन पडलेलं!

बँकेने हात झटकले तर गप्प बसू नका. लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेलोय, काय होतं ते बघू. खोक्यावरचं लेबल फाडू नका, त्यावर वजन आणि ट्रॅकिंग नंबर असतो. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. अर्जावर सही करण्याआधी तो वाचा.

आणि ग्रिल हवंच असेल तर सरळ पुण्यात बोहरी आळीत जा, हातात उचलून बघा. वेल्डरने मला स्क्रॅपमधल्या २ मिमीच्या पत्र्याची शेगडी करून दिली, पैसे घेतले नाहीत. पाय आणि कडी धरून सव्वासहा किलो भरली. वजन मीच केलं, स्टोअरच्या काट्यावर.

काल पोर्टलवर तक्रारीची स्थिती पाहिली. तपास सुरू आहे. खिडकीच्या ग्रिलचा.