क्रेग-बॅम्प्टनसोबत आठ महिने: मोड वाढवले, चूक जागच्या जागी

आठ महिने झाले, आमच्या यंत्रणेच्या संगणकी मॉडेलमधले लवचीक भाग मी क्रेग-बॅम्प्टन पद्धतीनेच लहान करून चालवतोय, म्हणजे भागाचं वाकणं-कंपणं मोजक्या आकारांत, ‘मोडां’त, मांडून. पद्धत १९६८ सालची, पण रोजच्या कामात अजून हिच्याच दाराशी जावं लागतं. त्याआधी ग्वायन ही मॉडेल लहान करायची दुसरी पद्धत वापरून पाहिली होती. स्थिर भाराला ती चोख, पण वस्तुमान फक्त निवडलेल्या नोडांवर (मॉडेलच्या बिंदूंवर) गोळा करते, त्यामुळे कंपनाच्या वरच्या वारंवारता भलत्याच चढ्या येतात.

माझा भाग म्हणजे चार पिनांवर बसलेला लांब आर्म. मेशमध्ये (भागाच्या बारीक तुकड्यांच्या जाळीत) दोन लाखांवर नोड, प्रत्येकी ३ दिशांनी हलणारे, म्हणजे सहा लाखांहून जास्त डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र हालचाली). चार जोडबिंदूंचे प्रत्येकी ६ मिळून २४ कन्स्ट्रेंट मोड (एकेक जोडबिंदू जरा हलवला की भाग जसा वाकतो ते आकार), वर जोडबिंदू आवळून काढलेले २० नॉर्मल मोड (कंपनाचे आकार). झाले ४४. त्यातले ६ कडक हालचालीचे (भाग न वाकता आख्खा हलतो ते), ते बंद करायचे. उरलेल्या ३८वर सगळा संसार. रात्रभर चालणारं गणित चहा होईपर्यंत संपायला लागलं, तेव्हा मी खूश.

मग चाचणीचे आकडे आले. पहिलं कंपन प्रत्यक्षात बरंच खाली होतं. मी २०चे ४० केले, ४०चे ६०. ढिम्म फरक नाही. मूळ मेशशी ताडून पाहिलं तर जुळणी अगदी तंतोतंत, आणि इथेच मी दोन आठवडे फसलो. जुळणारच ना! पिनच्या भोकाचा काठ मधल्या जोडबिंदूला ताठ बांधणारी आरबीई२ची कोळ्याची जाळी दोन्हीकडे तीच होती. तिने भोकाचा काठ दगडासारखा घट्ट केला होता. खरं भोक पिनच्या दाबाखाली किंचित लंबगोल व्हायचं. काठाला वाकू देणारी आरबीई३ जोडणी लावली आणि वारंवारता चाचणीच्या जवळ आली, त्याच २० मोडांवर. (आरबीई३ थोडी जास्तच मऊ पडते, तेही खरं.) तेव्हापासून मोड मोजण्याआधी मी भोकं बघतो.

दुसरी खोड: सगळे मोड ऑर्थोगोनल (एकमेकांपासून स्वतंत्र) केल्यावर काही मोड हजारो हर्ट्झवर जाऊन बसतात आणि सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) मुंगीच्या पावलांनी चालतो. ‘एवढ्या वरचे कशाला हवेत’ म्हणून मी ते बंद केले, तर सांध्याजवळचा भाग खोटा ताठ झाला. स्थानिक वाक त्याच मोडांत असतो. आता ते चालू ठेवतो, फक्त त्यांना क्रिटिकल डँपिंग देतो, म्हणजे ते थरथरत राहू नयेत इतका अवरोध.

आर्मच्या मधोमध भार येत असेल तर तिथेही जोडबिंदू घ्या, नाहीतर वाक कमी दिसतो.

वेगाने फिरणाऱ्या पातळ पात्याला मात्र ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. केंद्रोत्सारी ताणाने येणारा ताठपणा रेषीय मोडांना दिसतच नाही; माझं पातं पडद्यावर वाकत वाकत पार उधळलं. त्याचे पाच तुकडे करून, प्रत्येक वेगळा लहान करून जोडले, तेव्हा ते सरळ राहिलं. वेळ चौपट लागला.