कुत्र्याच्या बॉलला दोरी कुठली ओवायची, सुती कासरा की नायलॉन?

दोरी-बॉलच्या खेळण्यात बॉल सहसा टिकतो, जाते ती दोरी. चांगल्या भरीव रबराचा बॉल असेल तर तो वर्षानुवर्षं चालतो आणि आपण दरवेळी दोरी तुटली म्हणून अख्खं खेळणं नवीन घेतो, ते मला पटत नाही. बॉल एकदा हातात दाबून, पिळून बघा. भेगा पडल्यात, बारीक तुकडे सुटायला लागलेत असं दिसलं तर टाकूनच द्या, त्यात काटकसर करायची नाही. पण बॉल ठणठणीत असेल तर दोरी बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सांगलीत राहून दोरी मिळत नाही असं तर कुणी म्हणूच शकत नाही. राहता राहिला प्रश्न दोरी कुठली. मी दोन्ही वापरल्यात, आमचा गुंड्या गावठी आणि लॅबचा क्रॉस आहे, जबडा लॅबचा आणि हट्ट गावठी, त्यामुळे परीक्षा बऱ्यापैकी कडक झालीय असं समजा.

आधी ओवायचं बघू, ते दोन्हीला सारखंच आहे. भोकात बसेल तेवढी जाड दोरी घ्यायची, बारीक घेतली की गाठ भोकातून आरपार निघून येते. दोरीच्या टोकाला चिकटपट्टी निमुळती गुंडाळायची, बारीक तार दुमडून भोकातून घालायची, तारेच्या घडीत टोक अडकवायचं आणि साबणाच्या पाण्याचा हात लावून ओढून घ्यायचं, मग पट्टी काढून टाकायची. गाठ मात्र साधी मारू नका. साधी निरगाठ ताणाखाली एवढी आवळते की पुन्हा सोडवायची म्हटलं की नखं जातात, आणि आकारानंही बारीकच राहते. ट्रेकवाली पोरं मारतात ती आठाची गाठ मारा, फिगर एट. ती जाड बसते, भोकाला अडते आणि लागेल तेव्हा सुटते पण. गाठीच्या पुढं चार बोटं दोरी सोडायची. या चार बोटांवरच माझं सगळं घोडं अडलंय, पुढं सांगतो.

नायलॉनचं चांगलं आधी सांगतो, कारण त्यात चांगलं बरंच आहे. तुटत नाही लवकर. लाळेनं भिजली तरी नळाखाली धरली, झटकली, झालं, तासाभरात वाळते. वास धरत नाही, आणि ज्यांच्या घरात खेळणं सोफ्याखाली जातं त्यांना याची किंमत कळेल. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, आपल्याकडं पाऊस कोकणासारखा कोसळत नसला तरी आभाळ महिनाभर हटत नाही आणि कपडेच वाळत नाहीत तिथं दोरी कुठली वाळायची. तेव्हा नायलॉनवाल्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही.

हाताला मात्र ती बरी नाही. कुत्र्यानं हिसका दिला आणि दोरी मुठीतून सरकली की तळहात भाजल्यासारखा होतो. शिवाय नायलॉन ताणलं जातं. ओढताना मजा वाटते, पण कुत्र्यानं मध्येच तोंड सोडलं की बॉल सटकन मागं येतो आणि नडगीवर बसतो. हे एकवेळ चालवून घेता येतं, हातमोजे घालून खेळणारे पण बघितलेत मी.

मला जे चालवून घेता आलं नाही ते म्हणजे जाळलेलं टोक.

नायलॉन कापलं की टोक लगेच उसवतं, पीळ सुटतो, आणि गाठ गुळगुळीत असल्यानं ओल्या लाळेत हळूहळू मागं सरकायला लागते. म्हणून सगळे काय करतात, मेणबत्तीवर टोक वितळवतात. त्याची गुठळी होते, गार झाली की दगडासारखी घट्ट. दुकानदार पण तुम्हाला तसंच जाळून देतो आणि आपल्याला वाटतं बघा कसं पक्कं काम झालं. आता कुत्रं काय करतं? ओढाओढी संपली की बॉल पायात धरून निवांत बसतं आणि नेमकं त्या टोकालाच चावत बसतं, मागच्या दाढेत धरून, मान तिरकी करून. गुठळी पहिल्यांदा चपटी होते, मग तडकते, आणि तडकलेली कड नखानं तपासलीत तर कळेल की ती ब्लेडइतकी नसली तरी बऱ्यापैकी धारदार असते. गुंड्याच्या बॉलवर लालसर डाग दिसले म्हणून तोंड उघडून बघितलं तर हिरडीवर ओरखडे. मोठं काही नव्हतं, आपोआप बरं झालं, पण मग मी ती गुठळी कापून टाकली, तर टोक उसवलं, उसवलं म्हणून गाठ सरकली, गाठ सरकली म्हणून पुन्हा बांधली आणि पुन्हा जाळायची वेळ आली. म्हणजे गाठ टिकवायला टोक जाळा आणि तोंड वाचवायला टोक कापा. या फेऱ्याला मी कंटाळलो.

यावर उपाय नाही असं नाही. तीन पेडांची पिळाची दोरी असेल तर टोक सोडवून पेड उलटे त्याच दोरीत गुंफता येतात, जनावरं पाळणाऱ्या जुन्या माणसांना हे डोळे मिटून जमतं, आणि तसं केलं तर जाळायची गरजच उरत नाही. नायलॉन निसरडं असल्यानं गुंफण जरा जास्त वेळा घ्यावी लागते एवढंच. ज्याला हे जमतं त्यानं खुशाल नायलॉन वापरावं, माझा आक्षेप तिथंच संपला. पण दुकानात बहुतेक वेळा वेणीसारखी विणलेली नायलॉन दोरी गळ्यात मारतात, त्यात ही युक्ती चालत नाही.

आता सुती. पाळीव प्राण्यांच्या दुकानातली रंगीत दोरी नको म्हणतो मी, सरळ बैलाचा कासरा घ्या. बेंदराच्या, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाच्या आधी बाजारात ढिगानं येतो, एरवी पण दोरखंडाच्या दुकानात असतोच. मी मागितला तर दुकानदार अण्णांनी विचारलं, "बैल कितीचा घेतला?" म्हटलं बैल नाही अण्णा, कुत्र्याचा बॉल ओवायचाय. अण्णा एवढं हसले की मागच्या गिऱ्हाईकाला पण सांगितलं, पण वाव मोजून देताना दोरी दोन बोटं जास्तच सोडली. बेंदराचा रंगवलेला, गोंडेवाला कासरा घेऊ नका, लाळेत रंग सुटतो आणि कुत्र्याचं तोंड गुलाबी होतं. पांढरा, न रंगवलेला मागा.

आणि सुती म्हणून देतात ती सुती असतेच असं नाही. एक धागा उपसून काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं, वास कागदाचा येतो, मऊ राख होते आणि बोटानं चुरगळते. भेसळ असेल तर वितळून टोकाला बारीक टणक मणी होतो. म्हणजे जी गुठळी आपल्याला नको तीच तिथं दिसते, परत ठेवून द्या.

सुती दोरीची गाठ मारून झाली की ती पाण्यात भिजवायची, ओली असतानाच दोन्हीकडून जोर लावून आवळायची आणि उन्हात वाळवायची. सूत पाण्यात फुगतं, दोरी लांबीला आखडते, आणि वाळली की गाठ अशी बसते की हलत नाही. सूत ओलं झालं की कमजोर होत नाही, उलट जरा बळकटच होतं, नायलॉन मात्र ओलं झालं की थोडं ताकदीला उतरतं. ओढाओढीच्या खेळण्यात दोरी निम्मा वेळ ओलीच असते, हे लक्षात घ्या. आणि ती चार बोटं? ती उसवू द्यायची. गोंडा होतो, मऊ राहतो, गुंड्या तेवढा गोंडा चघळत बसतो आणि हिरडीला काही होत नाही. गोंडा उसवत वर येतो तो गाठीपाशी थांबतो.

सुतीचे दुर्गुण लपवत नाही. वास. भिजलेला कासरा दोन दिवस कोपऱ्यात पडला की घरातली माणसं कुत्र्याकडं संशयानं बघायला लागतात. गरम पाण्यात टाकून उन्हात टांगायचा, हाच इलाज. मी दोन बॉल ठेवलेत, एक तारेवर आणि एक तोंडात. पावसाळ्यात तेवढंही जमत नाही, तेव्हा जरा सहन करायचं. झिजतोही लवकर, नायलॉनच्या मानानं निम्मा टिकला तरी मी खूश असतो, कारण कासरा तसा स्वस्तच पडतो.

ती पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी, तिचं नाव काढू नका. उन्हात राहिली की तिची कुसळं निघतात आणि ती जिभेत, ओठात घुसतात. तिचा एकच फायदा, पाण्यावर तरंगते. पण आमच्या कृष्णेत मगरी आहेत, घाटावर कुत्रं पाण्यात सोडून बॉल फेकायची हौस सांगलीकरानं करूच नये, तेव्हा तरंगणं काय कामाचं. शेततळं असेल तुमचं तर विचार करा.

एक गोष्ट मात्र दोन्हीला लागू आहे आणि तिथं सुतीला मी जास्त मार्क देणार नाही. लांब धागा कुत्र्याच्या पोटात गेला तर आतडं त्या धाग्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि ऑपरेशनवर जातं. उलट्या, जेवण बंद, असं दिसलं की थांबू नका, डॉक्टरकडं न्या. शीच्या जागी धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आत तो कुठं अडकलाय ते आपल्याला दिसत नसतं. म्हणून खेळ झाला की खेळणं उचलून वर ठेवायचं, आणि गोंडा चघळायचा तो माझ्या डोळ्यासमोर. लांब सुटलेला धागा कात्रीनं कापायचा, आणि एक जरी पेड तुटलं तरी दोरी बदलायची. कुणी म्हणेल सुतीच्या टोकाला वाकळीच्या दोऱ्यानं करकचून वेढे द्या, दिसतं छान, पण तोच दोरा सुटून पोटात जायचा, मी देत नाही.

तेव्हा तुमचं कुत्रं फक्त ओढतं आणि सोडतं, चघळत बसत नाही, घरात ऊन येत नाही, फ्लॅट आहे, तर नायलॉन घ्या, वाईट नाही. पिल्लू असेल, दात पडायच्या वयात असेल, किंवा आमच्यासारखं टोक चावत बसणारं असेल तर मी तरी कासराच सांगेन, तुमचं कुत्रं तुम्हाला जास्त माहिती. पिल्लाला ओढताना आडवं आणि हलकं ओढा, वर उचलून झटके देऊ नका.

कासरा घ्यायला जाताना बॉल खिशात घेऊन जा, भोकात घालून बघूनच कापून घ्या. अण्णा हसतील, हसू द्या.