जमशेदपूर: कंपनीच्या शहरात काही महिने राहिल्यानंतरचा अनुभव

नोकरीनिमित्त गेले काही महिने मी जमशेदपूरच्या कदमा भागात भाड्याने राहतो आहे. शहराविषयी असा अभिप्राय लिहिणे काहींना विचित्र वाटेल. परंतु जेथे पाणी, वीज, रस्ते आणि सांडपाणी यांची व्यवस्था टाटा स्टीलची उपकंपनी पाहते, तेथे रहिवासी हा मुख्यतः ग्राहकच असतो. 2004 पासून ही कामे जुस्को या उपकंपनीकडे आहेत. कंपनीचे नाव पुढे बदलले, तरी लोक अजून जुस्कोच म्हणतात.

सेवेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हीच तिची प्रशस्ती होय. नळाला नियमित पाणी येते, कचरा वेळेवर उचलला जातो, रस्ते रुंद आणि सावलीचे आहेत. ही सावली योगायोगाने आलेली नाही. जमशेटजी टाटांनी 1902 मध्ये मुलाला, दोराबजींना, लिहिलेल्या पत्रात भावी कामगार-नगरासाठी रुंद रस्ते, लवकर वाढणारी झाडे, खेळाची मैदाने आणि प्रत्येक धर्माच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा मागितली होती. ते 1904 मध्ये निवर्तले. सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळचे साकची गाव कारखान्यासाठी निवडले गेले ते त्यानंतर. पुढे टेंपल, स्टोक्स आणि कोनिग्सबर्गर यांनी वेगवेगळ्या काळात शहराचे आराखडे केले. 1919 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी साकचीचे जमशेदपूर केले.

मात्र तक्रार असली, तर ती कोणाकडे न्यायची, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नळ कोरडा पडला की माणूस नगरसेवकाचे दार ठोठावतो. येथे ठोठावायला तसे दारच नाही. आमदार-खासदार निवडता येतात, पण नगरपालिका नाही. तिच्या जागी 1924 पासून अधिसूचित क्षेत्र समिती आहे, तीही सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती. निवडून दिलेल्या नगरपालिकेसाठी काही नागरिक अनेक वर्षे न्यायालयात लढले. ज्या शहरात 1928 च्या संपात कामगारांचे नेतृत्व सुभाषचंद्र बोस यांनी केले, तेथे लोक मुकाट्याने सारे सोसत आले असे समजण्याचे कारण नाही.

खरी मेख जमिनीत आहे. जमीनदारी संपल्यावर मालकी सरकारकडे गेली आणि कंपनी भाडेपट्टेदार झाली. कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या, ‘छियासी बस्ती’ (शहाऐंशी वस्त्या) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची जमीन 2005 मध्ये पट्ट्याचे नूतनीकरण होताना त्यातून वगळण्यात आली. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांत सुविधांचे मान निरनिराळे असू शकते. सुवर्णरेखेवरचा पूल ओलांडून पलीकडच्या मानगो भागात गेले की कारभारही वेगळा आणि रस्त्यांची तऱ्हाही वेगळी.

म्हणून येथे घर भाड्याने घेणाऱ्याने भाडे विचारण्याआधी ते कंपनीच्या पट्ट्याच्या हद्दीत येते की नाही, आणि पाण्याचे बिल कोणाच्या नावाने येते, हे विचारून घ्यावे.